नडगीतला पू, सहा सेंटीमीटरची पोकळी आणि दोन सर्जनांची दोन मते

पत्र : चौदा महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात माझ्या उजव्या नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. त्याच दिवशी जखम धुऊन आत रॉड बसवण्यात आला. तीन महिन्यांनी नडगीवर पुढच्या बाजूला फोड आला, तो फुटला आणि तेव्हापासून तिथून थोडाथोडा पू येत राहतो. दोनदा जखम उघडून साफ केली, इंजेक्शने आणि गोळ्या झाल्या; काही आठवडे जागा कोरडी राहते आणि पुन्हा वाहू लागते. आता पहिले सर्जन म्हणतात की सुमारे सहा सेंटीमीटर हाड काढावे लागेल आणि रिंग (पायाभोवती बाहेरून बसवलेली, तारांनी हाडाला जोडलेली धातूची कडी) लावून वरचे हाड हळूहळू सरकवत खाली आणावे लागेल. दुसरे म्हणतात की रिंगची गरज नाही. तेवढेच हाड काढून तिथे (हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात ते) सिमेंट भरू आणि दोन महिन्यांनी कमरेचे हाड घालू. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की एवढे हाल काढण्यापेक्षा पाय गुडघ्याखाली कापलेला बरा. माझे वय 38 आहे, मधुमेह नाही (सिगारेट दिवसाला पाच-सहा). मी कोणाचे ऐकावे? आणि पू वाढला की घरात शिल्लक असलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतो, ते चालू ठेवू का?

उत्तर : तुमचा पाय मी तपासलेला नाही, त्यामुळे दोघांपैकी एका सर्जनच्या बाजूने निकाल देणे मला शक्य नाही आणि ते योग्यही होणार नाही. मात्र तुमच्या पत्रातील एक गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटलेली दिसते. दोन्ही सर्जनांचे मतभेद पोकळी कशी भरायची याविषयी आहेत. सहा सेंटीमीटर हाड काढावे लागेल, याविषयी दोघांचे एकमत आहे. या उपचाराचे यशापयश ज्यावर सर्वाधिक अवलंबून असते तो भाग नेमका हाच आहे. संसर्ग झालेले हाड पूर्ण निघाले तर पुढच्या दोन्ही वाटांनी चालता येते, आणि ते थोडे जरी मागे राहिले तर रिंगही फसते आणि सिमेंटही फसते.

पू परत परत का येतो, हे आधी समजून घ्या. नडगीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहा : गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडीखाली थेट हाडच लागते, मध्ये स्नायूचा थर नाही. हाडाला रक्त मिळते ते काही अंशी आतल्या पोकळीतून आणि काही अंशी बाहेरच्या आवरणातून, आणि या आवरणाला ते आसपासच्या स्नायूंकडून येते. तुमचे हाड मोडून बाहेर आले तेव्हा त्या तुकड्यावरचे आवरण सोलवटले आणि आतली रक्तवाहिनीही तुटली. असा तुकडा पुष्कळदा जागच्या जागी मरतो. अँटिबायोटिक रक्तातून जाते. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे ते इंजेक्शनने दिले काय आणि गोळीने दिले काय, पोहोचणार नाही. शिवाय जंतू मृत हाडावर आणि रॉडच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करून त्याच्याखाली राहतात आणि या थरातील जंतू नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. गोळ्यांनी थराबाहेर पडलेले जंतू मरतात, जखम कोरडी होते, तुम्हाला बरे वाटते. गोळ्या थांबल्या की थरातून नवे जंतू बाहेर येतात. गेले अकरा महिने तुमच्या पायात हेच चक्र चालू आहे. त्यामुळे आता जी शस्त्रक्रिया होईल तीत रॉड निघाला पाहिजे, रॉड ज्या नळीत होता ती हाडाची पोकळी आतून खरवडून धुतली गेली पाहिजे आणि मृत हाड निघाले पाहिजे.

मृत हाड कुठे संपते आणि जिवंत हाड कुठे सुरू होते, हे एमआरआय किंवा सीटी स्कॅनवर अंदाजाने कळते, पण नक्की कळते ते टेबलावरच. मेलेले हाड जुन्या हस्तिदंतासारखे पांढरट-पिवळे आणि कोरडे दिसते. सर्जन ते थराथराने कापत जातात आणि एका ठिकाणी कापलेल्या कडेवर रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागतात, जणू कोणी लाल तिखट भुरभुरले आहे. हे ठिपके दिसेपर्यंत थांबायचे नसते. (रक्त थांबवण्यासाठी मांडीला बांधलेला पट्टा त्या वेळी सैल केलेला असावा लागतो, नाहीतर जिवंत हाडही कोरडेच दिसते.) म्हणून सहा सेंटीमीटर हा आकडा पक्का धरू नका. शुद्धीवर आल्यावर सर्जनांनी साडेसात सेंटीमीटर काढावे लागले असे सांगितले, तर काही चुकले असे समजू नका. त्यांनी प्रामाणिकपणे काम केले आहे. उमेदवारीच्या काळात मी एका रुग्णाच्या नडगीतला संशयास्पद असा सेंटीमीटरभर भाग केवळ पोकळी लहान राहावी या मोहापायी ठेवून दिला होता. त्या सेंटीमीटरपायी त्या रुग्णाचे एक वर्ष वाया गेले आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

याच शस्त्रक्रियेत जंतू ओळखण्यासाठी नमुने घेतले जातात. तुमच्या याआधीच्या तपासण्या कशा झाल्या हे पत्रात नाही, परंतु पू येणाऱ्या छिद्राच्या तोंडावर कापसाची काडी फिरवून केलेल्या कल्चरवर (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीवर) फार विसंबू नये, कारण कातडीवरचे जंतू आणि हाडातले जंतू बहुधा वेगवेगळे निघतात. हाडातून आणि त्यालगतच्या मऊ भागातून, वेगवेगळ्या जागांवरून, दर वेळी स्वच्छ हत्यार वापरून निदान पाच नमुने घ्यावेत आणि सावकाश वाढणारे जंतूही सापडावेत म्हणून प्रयोगशाळेने ते 14 दिवसांपर्यंत ठेवावेत, अशी विनंती तुम्ही करू शकता. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठीही जातो. वर्षानुवर्षे वाहत राहिलेल्या छिद्रात क्वचित कातडीचा कर्करोग उद्भवतो. तुमच्या बाबतीत चौदाच महिने झाले असल्याने ती भीती फारशी नाही, परंतु तपासणी करून घेण्यात तोटा काहीच नाही.

आता कातडीविषयी. हा प्रश्न रुग्ण जवळजवळ कधीच विचारत नाहीत, आणि माझ्या मते तो पहिल्या तीन प्रश्नांत असायला हवा. वाहती, डागाळलेली, हाडाला चिकटलेली कातडी हाडाबरोबरच काढावी लागते आणि मग हाडाची पोकळी उघडी पडते. तिच्यावर रक्तपुरवठा असलेले जिवंत आवरण हवे. जखम नडगीच्या वरच्या तिसऱ्या भागात असेल तर पोटरीचा मोठा स्नायू वळवून आणता येतो, मधल्या भागात असेल तर त्याच्या आतला दुसरा स्नायू उपयोगी पडतो. खालच्या तिसऱ्या भागात, घोट्याच्या दिशेने, वळवून आणण्याजोगे फारसे काही उरत नाही, आणि मांडी किंवा पाठीवरून मांस-कातडीचा फ्लॅप त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून सूक्ष्मदर्शकाखाली जोडावा लागतो. म्हणून दोन्ही सर्जनांना विचारा : वरचे आवरण कसे करणार, आणि प्लॅस्टिक सर्जन पहिल्या दिवसापासून सोबत असतील का? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे स्पष्ट असेल त्यांचे पारडे माझ्या लेखी जड होते, मग ते रिंगवाले असोत की सिमेंटवाले.

रिंगची पद्धत गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात सायबेरियातील कुर्गान या शहरात विकसित केली. पश्चिम युरोपात ती पोहोचली 1980 नंतर, कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा बरीच वर्षे न जुळलेला पाय कुर्गानमध्ये बरा झाला तेव्हा. तिचे तत्त्व असे : पोकळीपासून दूर, सहसा गुडघ्याखाली, निरोगी हाडाला एक नाजूक काप देतात. सुमारे आठवडाभर थांबून हाडाचा तो सुटा तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवतात, तोही एकदम नाही, तर चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. मागे उरणाऱ्या फटीत शरीर स्वतःचे नवे हाड भरत जाते. हे सरकवणे तुम्हाला स्वतःच करायचे असते : सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी छोट्या पान्याने नट चतुर्थांश फिरवायचा आणि वहीत खूण करायची. माझे बहुतेक रुग्ण पहिले दोन दिवस घाबरतात, आणि पंधरा दिवसांनी ते काम घरातले शाळकरी मूलही वडिलांना आठवण करून देऊन करवून घेते.

सहा सेंटीमीटर अंतर काटायला साठ दिवस लागतात, हा हिशेब सोपा आहे. अडचण पुढे आहे. नवे हाड आधी मऊ असते, ते वजन पेलण्याइतके कठीण व्हायला सरकवण्याहून कितीतरी अधिक वेळ जातो, आणि एकूण हिशेब दर सेंटीमीटरला दीड ते दोन महिने असा धरावा लागतो. म्हणजे रिंग पायावर नऊ महिने ते वर्षभर. सरकत आलेला तुकडा खालच्या हाडाला भिडतो ती जागा आपोआप जुळेलच असे नाही, तिथे पुष्कळदा छोटी शस्त्रक्रिया करून हाडाचा चुरा घालावा लागतो. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्णाला ती फसवणूक वाटते. तारा जिथे कातडीत शिरतात तिथे अधूनमधून लाली आणि स्राव जवळजवळ प्रत्येकाला होतो; तो बहुधा स्वच्छतेने आणि थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. पाऊल खाली झुकून घोटा आखडणे मात्र टाळलेच पाहिजे आणि त्यासाठी रोजचा व्यायाम पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावा लागतो. या सगळ्याच्या बदल्यात एक मोठा फायदा मिळतो : रिंगवर सर्जन सांगतील तेवढा भार देऊन तुम्ही कुबड्यांच्या आधाराने लवकर चालू लागता आणि संसर्ग झालेल्या जागेत कायमचा धातू राहत नाही.

दुसरी पद्धत फ्रान्सचे आलँ मास्कले यांनी 1980 च्या दशकात शोधली, आणि तिचा शोध बराचसा अनपेक्षितपणे लागला. हाड काढल्यावर पोकळीत जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन यांसारखे अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंट भरतात, ते जागा धरून ठेवते आणि औषधही सोडत राहते. सहा ते आठ आठवड्यांनी पाहावे तर सिमेंटभोवती शरीराने एक पातळ, गुलाबीसर, तुकतुकीत पडदा तयार केलेला असतो. तो पडदा नुसता पिशवीसारखा नसतो. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि हाड वाढवणारी प्रथिनेही त्यातून स्रवतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत हा पडदा सावधपणे उघडून सिमेंट फोडून काढतात, आत तुमच्याच हाडाचा चुरा भरतात आणि पडदा पुन्हा शिवतात.

इथे एक हिशेब तुम्हीच करून पाहा. नडगीची जाडी पावणेतीन ते तीन सेंटीमीटर धरली तर सहा सेंटीमीटरची पोकळी भरायला 35 ते 45 घनसेंटीमीटर चुरा लागतो. कमरेच्या हाडाच्या पुढच्या एका बाजूतून एवढा चुरा सहसा निघत नाही. तेव्हा दुसऱ्या सर्जनांना विचारा की उरलेला कुठून घेणार : कमरेच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या बाजूने, की मांडीच्या हाडाच्या पोकळीतून खास यंत्राने ओढून? आणि त्या दोन महिन्यांत नडगीला स्थिर काय ठेवणार : बाहेरून फ्रेम, की आतून पुन्हा रॉड? संसर्ग झालेल्या हाडात पुन्हा धातू घालायचा असेल तर तो अँटिबायोटिकचे आवरण असलेला असावा, असे माझे मत आहे. ही पद्धत शरीरावर वर्षभर वागवावी लागणाऱ्या साधनापासून सुटका करते हे खरे, परंतु घातलेला चुरा घट्ट व्हायला सहा महिने ते वर्ष लागते, तोवर पूर्ण भार देता येत नाही, आणि काही वेळा चुऱ्याचा काही भाग विरघळून पुन्हा चुरा घालावा लागतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी आत पुन्हा पू दिसला तर चुरा घालायचाच नसतो. जागा पुन्हा साफ करून नवे सिमेंट भरायचे असते.

तिसरी एक वाट आहे : नडगीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून पोकळीत बसवणे. ती अधिक लांबीच्या पोकळ्यांसाठी राखून ठेवलेली बरी, तुमच्या बाबतीत तिचा विचार सध्या नको.

आता निवडीविषयी. सहा सेंटीमीटर ही अशी लांबी आहे की दोन्ही पद्धती तिथे शास्त्राला धरून आहेत, त्यामुळे तुमच्या दोन सर्जनांपैकी कोणीही चुकीचे सांगत नाही. माझा कल असा : रॉडच्या संपूर्ण नळीत संसर्ग पसरलेला असेल, फ्लॅप चांगला बसण्याविषयी शंका असेल किंवा पायाची लांबी आधीच कमी भरत असेल, तर रिंग. फ्लॅप भक्कम बसण्याजोगा असेल, जंतू ओळखला गेला असेल आणि त्यावर चालणारे औषध उपलब्ध असेल, तर सिमेंट आणि पडदा. याहूनही वजनदार गोष्ट ही की ज्या सर्जनने जी पद्धत स्वतः अनेक वर्षे केली आहे आणि फसलेल्या रुग्णांविषयीही जो मोकळेपणाने बोलतो, त्याच्या हातून ती करून घ्यावी. “अशा किती नडग्या तुम्ही केल्या, आणि त्यातील कितींना पुन्हा शस्त्रक्रिया लागली?” असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही, कारण ते तुमचे हाल पाहून बोलत आहेत. पाय काढणे म्हणजे हार, असे मी मानत नाही. पायाच्या अतिगंभीर ताज्या दुखापतींचा अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले रुग्ण दोन वर्षांनंतर दैनंदिन कामकाजात साधारण सारखेच आढळले. पण तो अभ्यास ताज्या दुखापतींचा होता, तुमच्यासारख्या दीर्घ संसर्गाचा नव्हे. तळपायाला स्पर्श कळतो का, पावलात रक्तप्रवाह चांगला आहे का, घोटा हलतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर 38 व्या वर्षी पाय वाचवण्याचा एक पूर्ण, नीट आखलेला प्रयत्न तुमचा हक्क आहे. मात्र कुठवर जायचे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच, डोके थंड असताना, सर्जनबरोबर आणि घरच्यांबरोबर बसून ठरवा. सातव्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेत घेतलेला निर्णय बरा नसतो.

तुम्ही एक गोष्ट कंसात लिहिली आहे, ती मला कंसाबाहेर काढावी लागेल. दिवसाला पाच-सहा सिगारेटी म्हणजे तुम्हाला फार वाटत नसतील, परंतु निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि या संपूर्ण उपचाराचे भांडवल रक्तपुरवठा हेच आहे. फ्लॅपची रक्तवाहिनी दीड-दोन मिलिमीटर रुंदीची असते. रिंगमधील नवे हाड त्याहून कितीतरी बारीक केशवाहिन्यांवर वाढते. सिगारेट ओढणाऱ्यांत हाड उशिरा जुळणे, न जुळणे आणि संसर्ग परत येणे, हे सगळे अधिक आढळते. काही सर्जन सिगारेट पूर्ण सुटल्याशिवाय अशी शस्त्रक्रिया करतच नाहीत. मला त्यांचे चूक वाटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी निदान सहा आठवडे आणि हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद, असे धरा, आणि ते एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांची मदत मागा.

शेवटी गोळ्यांविषयी. पू वाढला की घरातली अँटिबायोटिक घेणे आजपासून बंद करा. त्या गोळ्या मृत हाडातले जंतू मारत नाहीत, उरलेल्यांना त्या औषधाची सवय मात्र लावतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत जंतू वाढूच देत नाहीत. नमुने निर्जंतुक निघाले तर सर्जनला पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागते. रुग्णाला ताप नसेल आणि प्रकृती स्थिर असेल तर बहुतेक सर्जन शस्त्रक्रियेआधी सुमारे दोन आठवडे अँटिबायोटिक मुद्दाम थांबवतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र औषध नेमके आणि पूर्ण मुदतीचे असते, सहसा सहा आठवडे किंवा अधिक. तेव्हा इंजेक्शनऐवजी गोळ्या दिल्या म्हणून उपचार कमी दर्जाचा झाला असे समजू नका : हाडे आणि सांध्यांच्या संसर्गाच्या 1054 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांत योग्य गोळ्या शिरेतून दिलेल्या औषधापेक्षा कमी पडल्या नाहीत. घरातली उरलेली पाकिटे फेकून देऊ नका. ती, अपघाताच्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे, प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, जुने कल्चर अहवाल आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला किती दिवस घेतली याची एका कागदावर लिहिलेली यादी, असे सगळे पुढच्या भेटीला सोबत न्या. दरम्यान थंडी वाजून ताप आला किंवा नडगीवरची लाली तासातासाला वर चढू लागली, तर गोळी शोधत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हा.